वायरमनचं बिनविजेचं यंत्र

बोर्डिंगच्या कोठारात मी मुलींच्या सतरंज्या मोजून घेत होते, तेव्हा नगरच्या गाडीचा कंडक्टर फाटकाशी आला. आमच्या दादाचे निरोप नेहमी असेच एसटीबरोबर यायचे. 'रविवारी येतो', 'सरलाला सांग, लोणचं संपलं', असे. म्हणून सतरंज्या बाजूला ठेवून मी हसतच बाहेर गेले. कंडक्टरनं टोपी काढून हातात धरली होती. "बाई, तुमचे भाऊ…" एवढंच तो म्हणाला आणि उरलेलं मला कळलं. खर्ड्याजवळच्या एका गावात, सकाळी कामाला हात घालण्याआधी, दादा चहा प्यायला बसला आणि बसल्या जागीच गेला. श्रीरामपूरला त्याला मातीआड केलं, त्याला आता महिना होऊन गेला. मधल्या काळात करण्यासारखं सगळं मी केलं. नातेवाइकांना पत्रं लिहिली, सरलावहिनीचे कागद पुरे केले, अर्धवट राहिलेली कामं त्याच्या ओळखीच्या वायरमनकडे सोपवली. हातातली कामं संपली की माणूस रिकामा होतो, आणि रिकामं बसलं की दादा आठवतो… तेव्हा तो आता कागदावरच आठवावा म्हणून लिहायला बसले आहे.

शांतवन हे त्याचं नाव, पण सगळा तालुका त्याला वायरमन म्हणूनच ओळखायचा. दादा विनयी मुळीच नव्हता. केलेलं काम चारचौघांना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. भिंतीवरची लाकडी पट्टी ओळंब्यात बसली की तो मागे सरून, कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "देवानं पहिल्याच दिवशी उजेड केला, पण पट्टी एवढी सरळ मारली नसती." वहिनी म्हणायची, "जीभ आवरा, रविवारी देवळात बसायचंय." त्याला शहरातली कामं आवडत नसत. शहरात एक दिवा वाढवला तर कोणी मान वर करून बघत नाही, असं त्याचं म्हणणं. खेड्यात पहिला दिवा लागतो तेव्हा म्हातारी माणसं हात जोडतात, लहान पोरं ओरडतात, आणि वायरमनला आधी गूळ मिळतो, मग चहा. त्या ओरडण्यासाठी तो पायपीट करत वाड्यावस्त्यांवर जायचा.

मग तो शिडीवरून पडला. श्रीरामपुरातल्याच एका घरी, अगदी साधं काम करताना, शिडी फरशीवरून सरकली. उजवा खांदा निखळला, हाडही मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हात कोपरापासून खाली चांगला चालायचा, पण खांद्याच्या वर जाईना, आणि जोर लावला की दादाचा चेहरा पांढरा पडायचा. डॉक्टरांनी सांगितलं, बसून करण्यासारखं काम बघा. तसं काम होतंही. मेनरोडवरच्या एका दुकानदाराला पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करायला माणूस हवा होता. वहिनीनं ते मनात पक्कं केलं. मलाही ते शहाणपणाचं वाटत होतं. दादा मात्र दुकानाचं नाव निघालं की जेवता जेवता ताट सरकवायचा. "मला स्टुलावर बसवून इस्त्र्या देणार? त्यापेक्षा मलाच इस्त्री करून घडी घाला आणि कपाटात ठेवा." शेवटी नवराबायकोत एक करार झाला. खर्ड्याकडच्या एका गावात वीज यायची होती, तिथल्या घरांच्या वायरिंगचं काम त्यानं आधीच घेतलं होतं. तेवढं काम हात न दुखावता पुरं झालं, तर तो वायरमन राहील. नाही झालं, तर मुकाट्यानं दुकानात बसेल. वहिनीनं हे माझ्यासमोर त्याच्याकडून कबूल करून घेतलं, कारण माझ्यासमोर दिलेला शब्द त्याला फिरवता यायचा नाही.

वायरिंगमध्ये भोकं फार. खांबाला बोर्ड लावायचा तर भोक, तुळईतून तार न्यायची तर भोक. आजवर तो हे सगळं साध्या गिरमिटानं, मनगट पिळून करत आला होता. आता तो जोर उरला नव्हता. म्हणून रोज वापरता येईल आणि आयुष्यभर टिकेल असं ड्रिल घ्यायला आम्ही दोघं नगरला गेलो. मी माझे प्रश्न लिहून नेले होते. वजन किती, जबड्यात कुठली कुठली पातं बसतात, बिघडलं तर दुरुस्त कोण करतं, सुटे भाग कुठे मिळतात. दादानं पिशवीतून बैलगाडीच्या जुन्या बाभळीच्या आसाचा तुकडा नेला होता. बाभळीत जे चालेल ते कशातही चालेल, हा त्याचा हिशेब. दुकानदार शेठ तो तुकडा बघून म्हणाले, "लाकूड घरून आणलंत, बरं केलंत. चहा तरी आमचा घ्याल ना?" मग त्यांनी विजेवरचं एक ड्रिल काढलं आणि बटण दाबलं. ते बाभळीतून असं आरपार गेलं की दादा लहान मुलासारखा हसायला लागला. खांद्याला काही करावंच लागत नव्हतं. माझ्या सगळ्या प्रश्नांना चांगली उत्तरं मिळाली. आम्ही ते खोक्यात घालून घेतलं आणि दादा स्टँडवर भेटेल त्याला खोकं उघडून दाखवत खर्ड्याच्या गाडीत बसला.

पुढचा प्रसंग मला त्यानंच पुष्कळदा सांगितला आहे, आणि तो वाढवून सांगायचा म्हणून मी गऊबाईंकडूनही खात्री करून घेतली आहे. गऊबाई म्हणजे त्या गावातल्या पहिल्या घराच्या मालकीण, शेतीवाडी स्वतः बघणाऱ्या. नवं यंत्र बघायला त्यांच्या ओसरीवर निम्मं गाव जमलं होतं. दादानं खोकं उघडलं, ड्रिल फडक्यानं पुसलं, पातं बसवलं, खांबावर पेन्सिलीनं खूण केली. मग वायर हातात घेतली आणि भिंतीकडे वळला. भिंतीवर काहीच नव्हतं. असणार कसं? ते लावायलाच तर तो आला होता…

"वायरमन दादा, ह्याची शेपटी कुठं बांधायची?" गऊबाईंनी विचारलं.

"हे विजेवर चालतं," दादा म्हणाला.

"मग वीज कवा येनार?"

"भोकं पाडल्यावर."

"आन् भोकं कवा पडनार?"

दादानं हातातल्या वायरीकडे पाहिलं. गऊबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजी लगीन झाल्याबिगर नवरी दाखवायची न्हाई, आन् नवरी बघितल्याबिगर लगीन न्हाई. लई ग्वाड यंत्र हाय!"

सारी ओसरी हसली. दुसरा कोणी असता तर चिडला असता किंवा खोकं उचलून चालू पडला असता. जन्मभर दुसऱ्यांच्या घरी वीज नेणारा माणूस, वीज नसलेल्या घरात विजेचं यंत्र घेऊन गेला होता. दादा सगळ्यांत मोठ्यानं हसला, इतका की खांदा धरून खाली बसावं लागलं. मला कंडक्टरबरोबर निरोप आला तो असा: 'उद्या नगरला दुकानात ये. तुझ्या प्रश्नांत एक कमी होता, माझ्या डोक्यात सगळेच कमी होते.'

दुसऱ्या दिवशी तो हसत नव्हता. दुकानाबाहेर मला गाठून हळूच म्हणाला, "मार्थे, आज हातानं चालणारं मिळालं नाही तर संपलं. मग इस्त्र्या." शेठ भले माणूस. त्यांनी खोकं परत घेतलं आणि हातानं चालवायची सगळी यंत्रं ओळीनं काउंटरवर मांडली. छोटं हातड्रिल वरून दाबावं लागे, दाबताच खांद्यात कळ येई. वाकड्या दांड्याचं मोठं गिरमिट गोल फिरवताना पूर्ण हात फिरे, तेही जमेना. दादाच्या कपाळावर घाम आला. मी शेठना विचारलं, "हातानं दाबावंच लागणार नाही असं काही आहे का?" ते मागच्या फळीवरून धूळ झटकत एक जड यंत्र घेऊन आले. गाड्यांची बॉडी बांधणारे लोहार ते वापरतात म्हणाले. त्याच्या मागच्या टोकाला तळव्यापेक्षा मोठी, किंचित वाकलेली लोखंडी पट्टी होती. ती छातीला टेकवायची, अंगाचा भार द्यायचा आणि बाजूचा दांडा फिरवायचा. जोर छातीचा, हाताला नुसतं फिरवणं. पण दांडा उजवीकडे, आणि उजव्या हातानं फिरवताना कळ थोडी का होईना येतच होती. दादानं ते क्षणभर न्याहाळलं आणि सगळं यंत्रच अर्धं वळवून छातीला लावलं. दांडा डावीकडे आला. आता तो उलटा, स्वतःच्या अंगाकडे फिरवावा लागत होता. पहिल्यांदा चुकला, पुन्हा चुकला… मग बाभळीचा भुसा पडायला लागला. हळूहळू, पण न थांबता.

"वेळ लागतो ह्याला," शेठ म्हणाले.

"लागू द्या. रुसून तर बसत नाही!"

मी टिकण्याबद्दल विचारलं, तेव्हा दादानं शेठना बोलूच दिलं नाही. यंत्राची दातेरी चाकं उघडीच होती, त्यांवर बोट ठेवून म्हणाला, "दात दिसतायत ना? जे दिसतं त्याला तेल घालता येतं, आणि झिजलं तर कळतं. झाकलेल्या पोटात काय बिघडतं ते देवाला ठाऊक." टिकाऊपणाची याहून चांगली कसोटी मला अजून कोणी सांगितलेली नाही. बोर्डिंगची शिवणयंत्रं घेताना मी तीच लावली.

काम पुरं झालं. छातीवर काळानिळा डाग पडला, तेव्हा वहिनीनं जुन्या गोधडीची घडी शिवून दिली, ती तो सदऱ्याच्या आत घालायचा. वीज सुरू व्हायच्या दिवशी तिला त्यानं मुद्दाम गावात बोलावलं. ती पोचली तेव्हा शेवटच्या घराचं शेवटचं भोक राहिलं होतं. दादा खांबाला छाती लावून, डोळे बारीक करून, डाव्या हातानं संथपणे दांडा फिरवत होता. उजवा हात नुसता आधाराला, खांद्याला कुठेच ताण नाही. ती उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. भुसा फुंकून दादा वळला, तर म्हणाली, "त्या इस्त्र्यांच्या दुकानदाराला कळवून टाका. दुसरा माणूस बघ म्हणावं." संध्याकाळी दिवे लागले, पोरं ओरडली. पण त्या दिवशीचं सांगताना दादा दिव्यांबद्दल फारसं बोलायचा नाही, वहिनीचं हे वाक्यच पुन्हा पुन्हा सांगायचा.

त्यानंतर शेवटच्या सकाळपर्यंत तो वायरमनच राहिला. कुठल्या वस्तीवर रस्ता नाही, नाला ओलांडून जावं लागतं, असं कळलं की आधी तिथं जायचा. दुष्काळात लोक खडी फोडायला जात, तेव्हा रिकाम्या घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे असत.

मागच्या आठवड्यात मी गऊबाईंकडे जाऊन आले. त्याचं राहिलेलं सामान तिथं होतं, ते ताब्यात घ्यायचं होतं. सामान बांधून झालं आणि ओसरीवर उभी असताना माझं लक्ष बोर्डाकडे गेलं. इतर वायरमन बोर्ड डोक्याच्या उंचीला लावतात. हा बराच खाली होता. मी बोलून दाखवलं, तर गऊबाई म्हणाल्या, "तुमच्या भावाचे समदे असेच हायेत. दुसऱ्यानं लावलेला बोर्ड लगेच वळखू येतो, हात वर करावा लागतो." मग माझ्या ध्यानात आलं. यंत्र छातीनं रेटायचं, तर भोक छातीच्याच उंचीला पडणार.

मी खांबाजवळ जाऊन सरळ उभी राहिले. बोर्ड बरोबर माझ्या गळ्याशी आला. दादा माझ्याहून वीतभर उंच होता… या आसपासच्या गावांत किती घरांतल्या किती खांबांना तो असा छाती लावून उभा राहिला असेल! मी बटण दाबलं. भर दुपारी, लख्ख उन्हात, ओसरीवर दिवा लागला. दिवसाउजेडी दिवा म्हणजे उधळपट्टी, म्हणून मी लगेच बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या वाईच," गऊबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.