जोत्यावरची चौकट

केशोरीकडच्या आमच्या गावात बाबांच्या नावाने घरकुल मंजूर झालं, तेव्हा मी लग्न होऊन गोंदियाला आले होते. दुसरी जागा नव्हती, म्हणून नवं घर जुन्याच जागेवर बांधायचं ठरलं. उन्हाळ्यात मातीचं घर पाडलं. बाबांनी स्वतः छपरावरचे कवेलू उतरवले, दाराची सागाची चौकट काढून बाजूला नीट झाकून ठेवली. शेजाऱ्यांनी आपला गुरांचा कोठा राहायला रिकामा करून दिला. पावसाच्या आत भिंती होतील, असं सगळेच म्हणत होते.

जोतं झालं आणि काम थांबलं. नदीवरचे रेतीघाट बंद, रेती मिळेना. पाऊस येऊन गेला, धान कापून झाले, तरी जोतं तसंच. बाबा रोज सकाळी त्यावर जाऊन बसत. मी गेले की हाताने दाखवत, "इथं तुह्या मायची चूल. इथं तू आली का झोपशील."

त्यांचा खोकला वाढला होता. माझ्याकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "घर सोडून कुठं येऊ?"

घर कुठे होतं?

थंडीत एका सकाळी ते कोठ्यातच गेले. मी पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. माय रडत नव्हती. एकच म्हणत होती, "त्यायले लोकाच्या कोठ्यातून नेऊ नोका. आपल्या घरून न्या."

"पण वहिनी, घर कुठं हाय?" शेजारचे काका हळूच म्हणाले.

माय जोत्याकडे बघत राहिली.

आमचं काम करणारा मिस्त्री तिथेच बसला होता. तो उठला. दोघांना घेऊन त्याने ती जुनी चौकट आणली, जोत्यावर उभी केली आणि बांबूचे टेके दिले. बाबांना जोत्यावर नेऊन निजवलं. मायने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. मग तिरडी उचलली. भिंतीच नव्हत्या, कुठूनही उतरता आलं असतं. पण खांदेकरी अंग चोरून, वाकून त्या चौकटीतूनच बाहेर पडले.

तेव्हा माय रडली.

पुढच्या उन्हाळ्यात घर पूर्ण झालं, मायच्या नावावर. पंचायतीचा माणूस फोटो काढायला आला. तिला समोर उभी करून म्हणाला, "आई, थोडं हसा ना."

"काऊन?" माय म्हणाली. "घर दिसून राहिलं ना? काढ मंग."

त्याने तसाच काढला.