कारल्याचा रस पास झाला
शेजारच्या मिक्सरमधून कारल्याच्या रसाचा कडवट वास आला, की सातवीतली ती पोरगी आठवते. मोबाइलवर येणारे औषधोपचाराचे सल्ले तपासायला मी वर्गाला प्रश्न दिले होते: कोण सांगतो, काय विकतो, आणखी कोण म्हणतो? घरातली पहिली पदवी माझी, या प्रश्नांवर भरवसाही तेवढाच. हिंगण्याला कंपनीत जाणाऱ्या तिच्या बापानं रसाचा व्हिडिओ पाहून शुगरच्या गोळ्या सोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. "मॅडम, बाबा म्हणते, व्हिडिओवाला फुकट सांगते, डॉक्टरच पैसे घेते. अन् अख्खी कंपनी रस पिऊन राहिली. तुमच्या प्रश्नांत डॉक्टरच फेल झाला." वर्ग हसला. ती हसली नाही. "आता बाबाले काय विचारू?" म्हणाली. दिवाळीनंतर बापाचा पाय कापावा लागला. मी अजून तेच प्रश्न शिकवते. दुसरे मला येत नाहीत.