पट्ट्यात अडकवलेला हात

लग्नाचं शूटिंग करणारा माणूस जन्मभर उलटा चालतो. नवरी पुढे येणार, आपण तिच्याकडे तोंड करून मागे मागे सरकायचं. मागे गटार असो, मांडवाची दोरी असो, कॅमेरा हलता कामा नये. वीस वर्षं जळगाव-धुळ्यात हेच केलं. कंबर पार कामातून गेली. आता कॅमेऱ्याखाली गिंबल नावाचं यंत्र असतं, ते हिसके गिळून टाकतं, पण मागचा रस्ता त्यालाही दिसत नाही.

म्हणून कोणाला तरी मागून आपल्या कमरेचा पट्टा धरावा लागतो. माझा पट्टा आबा, म्हणजे माझे वडील धरायचे. भुसावळला रेल्वेत नोकरी झाली, रिटायर झाले, घरी करमेना. माझ्या पाठीला पाठ लावून, एक हात मागे पट्ट्यात अडकवून ते वाट बघत चालायचे. "गटार शे, डावीकडे घे." बोलणं एवढंच.

बहिणीच्या पाठवणीलाही तेच. मी म्हटलं, आबा, आज तरी दुसऱ्या कोणाला धरू द्या. तर म्हणाले, "दुसरा तुले पाडी टाकी." ऐकतील तर शपथ.

आबांना जाऊन आता वर्ष होईल. परवा बहीण साक्रीहून आली, चहा झाला, आणि कप खाली ठेवत एकदम म्हणाली, "दादा, मांडवापासून गाडीपर्यंत मला आबांची फक्त पाठ दिसली. एकदाही वळले नाहीत. त्यांना काहीच वाटलं नाही का रे?"

इतकी वर्षं ही बाई हे मनात घेऊन बसली होती, आणि मला पत्ता नाही.

तिच्याकडे होती ती एडिट केलेली फिल्म. आवाज काढून मी त्यावर सनई टाकलेली, कॅमेऱ्याची चाल लोण्यासारखी मऊ केलेली. मूळ शूटिंग जुन्या हार्ड डिस्कवर सापडलं. लावलं.

ती रडत मांडवाबाहेर येते. गिंबल तेव्हा नव्हतं, तरी फ्रेम अगदी स्थिर. फाटकापाशी फ्रेम थरथरायला लागते. थांबते, दोन पावलं नीट जाते, परत थरथरते. मग माझाच आवाज, वैतागलेला: "आबा, हात हलवू नका ना. शॉट खराब होतोय."

आणि आबांचा, बसलेला: "हा रे."

बहिणीने मागे नेऊन तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी एकदा वळून आबांकडे बघितलं असतं, तर माझं काय जाणार होतं?

गाडीचं दार लागेपर्यंत फ्रेम हलतच होती. ते सगळं हलणं मी नंतर दोन दिवस बसून, एकेक फ्रेम करत, या हातांनी पुसून टाकलं होतं.