मामांच्या पायातलं गणित

माझे मामा सिग्नलचे मेकॅनिक. पायी चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा, हे आमच्या शहरात तीस वर्षं त्यांनीच ठरवलं. हातात घड्याळ धरून स्वतः रस्ता ओलांडायचा, लागलेल्या वेळेत दोन सेकंद मिळवायचे, सिग्नलच्या पेटीत तो आकडा बसवायचा, पेटी बंद. "साहेबांचं गणित कागदावरचं, माझं पायातलं," असं मिशीला पीळ देत सांगायचे. ताडमाड माणूस, ढांगा टाकत चालणारा. त्यात काही चुकत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग मामींचा डावा पाय अर्धांगवायूने गेला. व्यायामाचा दवाखाना घरासमोर, रस्त्यापलीकडे. पहिल्याच दिवशी मामा आणि मी त्यांना धरून निघालो आणि निम्म्या रस्त्यात दिवा लाल झाला. एक बस मामींच्या काठीपासून हातभर अंतरावर करकचून थांबली.

"कोण मेला ठरवतो हे सेकंद?" मामी म्हणाल्या.

"मी," मामा म्हणाले.

त्यानंतर मामींनी उंबरठा ओलांडायचं सोडलं. व्यायाम सुटला तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरीही.

मामांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्यांनी कचेरीत लिहून दिलं: साठ क्रॉसिंगची वेळ चुकली आहे, चूक माझी. साहेब म्हणाले, "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. जाता जाता चौकशी कशाला ओढवून घेता?" मामांनी अर्ज मागे घेतला नाही. आमच्या घराण्यातल्या पुरुषाने चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच पाहत होते, तीही सही करून. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

चौकशी लागली, पण वेळा बदलायची परवानगीही आली. पहिली पेटी घरासमोरची. मामींना कसंबसं राजी केलं. हवालदाराने गाड्या अडवल्या आणि मामा घड्याळ धरून मामींच्या बाजूने, त्यांच्या चालीने चालले. एकतीस सेकंद. पूर्वी तिथे चौदा होते. मामांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

या वेळी दोन नाही, सहा मिळवून त्यांनी पेटीत सदतीस बसवले. परत येताना हवालदार बाजूला उभा राहिला. दोन्हीकडे गाड्या, बस, ट्रक, सगळे मामींचं एकेक पाऊल बघत गप्प थांबले होते. मी मागून चालत होते. मामी फुटपाथवर चढल्या, तरी दिवा आणखी चार सेकंद हिरवाच.

"चार जास्त झाले. काढतो," मामा म्हणाले.

मामींनी वळून रस्त्याकडे पाहिलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "माझ्याहून हळू कोणीतरी असेल."