तुलनेला जुळा भाऊ

आमच्या ह्यांना सगळे 'पुरावा' म्हणतात. फर्निचरच्या कारखान्यात, पॉलिशच्या बंद खोलीत ह्यांचं आयुष्य गेलं आणि तिथेच नाकही गेलं. दूध करपून घरभर धूर झाला तरी हे शेजारी बसून विचारायचे, "चहा झाला का गं?" मी कानीकपाळी ओरडायचे, "सोडा ती खोली! पॉलिशनंच खाल्लंय तुमचं नाक." पण कारखान्यात तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य ह्यांच्या डोक्यात बसलेलं. "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही." तेच धरून हे म्हणायचे, "तुलनेला माझ्यासारखाच माणूस हवा, फक्त पॉलिशपासून लांब राहिलेला."

असा माणूस जगात एकच. ह्यांचा जुळा भाऊ, शिंपी. पण दोघांचं बोलणं बंद, कारण आधी जन्माला कोण आलं यावर एकमत नाही. साक्षीदार एकट्या सासूबाई, आणि त्या ज्याच्या घरी जेवायच्या त्याला थोरला म्हणायच्या.

तरी हे निघाले! समेटाला नव्हे हं, पुराव्यासाठी. भावोजींना वास आले तर पॉलिश दोषी आणि हे खोली सोडणार, असं ठरलेलं. मी तर देव पाण्यात घालून बसले होते. कुठल्या बाटलीत काय, ते ह्यांनाही कळू नये म्हणून बाटल्या मी भरल्या. रॉकेल, फिनेल, कॉफी आणि साधं पाणी.

दारात 'कसा आहेस' नाही की काही नाही. "डोळे बांध," हे म्हणाले. भावोजींनी शिलाई मशीन थांबवलं आणि मुकाट्यानं रुमाल बांधून घेतला.

रॉकेल हुंगून म्हणाले, "पाणी." फिनेल? "पाणी." कॉफी? "पाणीच की." पाण्याला मात्र जरा थांबून, "कांदा?"

माझे पाण्यातले देव बुडालेच! हे खुशीत! "बघ, पॉलिश निर्दोष. आमच्या घराण्यातच नाक नाही."

मी बाटल्या पिशवीत भरत होते, तेवढ्यात भावोजी रुमालाआडून म्हणाले, "वहिनी, आज दूध करपलं वाटतं. पदराला वास येतोय."

ऐकलंत? वास तर आलाच, वर मला वहिनी म्हणून हे थोरले असल्याचंही कबूल केलं!

"अहो, मग खोटं का बोललात?"

"खरं बोललो असतो तर हा लगेच उठून गेला असता."

ह्यांनी भावोजींच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला. मग म्हणाले, "चाचणी रद्द. रविवारी परत घ्यावी लागेल."

"घे की. पण तुझंही नाक तपासायला हवं. पॉलिशची खोली सोडून बघ. वास परत आला तर तो पुरावा, नाही आला तर तोही पुरावा."

पुरावा म्हटल्यावर हे मागे हटतात होय! दुसऱ्याच दिवशी मालकाला सांगून हे लाकूड कापायच्या शेडमध्ये गेले. दर रविवारी बाटल्या घेऊन जातो. दर रविवारी भावोजी मुद्दाम काहीतरी चुकतात, चाचणी रद्द होते आणि आम्ही जेवूनच परत येतो.

काल मी शेजारणीशी दारात बोलत होते, तर आतून हे ओरडले, "अगं, दूध लागलं!"

मी धावले नाही. तिथंच डोळ्यांना पदर लावला.

पातेलं उतरवून हे बाहेर आले. "रडतेस काय? एका दुधावरून काही सिद्ध होत नाही. रविवारी तिकडे जावंच लागेल."