बेल्याहून आणलेला बंडू

यवतमाळच्या स्टँडवरून सकाळी सहाच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर रिकामा पिंजरा होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोंबडी आणायला चालल्या का?" मी म्हटलं, पोपट. त्यांनी मला एकदा नखशिखान्त पाहून घेतलं आणि खिडकीकडे तोंड केलं. सवय आहे मला. लोकांना सांभाळणं अशक्य झालेले पोपट मी घरी आणते, माणसाळवते आणि मग चांगलं घर शोधून देते. आपला हिरवा पोपट मी घेत नाही. तो पाळणंच गुन्हा आहे, त्याला वनखात्याकडे द्यावं लागतं. माझ्याकडे येतात ते परदेशी आणि कागदपत्रं असलेले.

या वेळचा होता आफ्रिकन ग्रे. राखाडी अंग, लाल शेपूट, नाव बंडू. मुक्काम बेला, जिल्हा आदिलाबाद. निवृत्त शिक्षक रामटेके सरांनी त्याला नऊ वर्षं वाढवलेलं. आता सरांना दम लागतो. पिसांची भुकटी छातीत जाते, पक्षी घरात नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. फोन केला होता त्यांच्या मुलीनं, सुजातानं. "ताई, तो जेवून नाही राह्यला. लवकर या," एवढंच ती म्हणाली. मी ठरवलं, काही झालं तरी उद्या दुपारच्या आत हा पक्षी माझ्या पिंजऱ्यात.

पैनगंगेच्या अलीकडे आम्हा बायकांना अर्धं तिकीट. पलीकडे तेलंगणाच्या बसमध्ये फुकट. पण आदिलाबादला कंडक्टरनं माझं आधार कार्ड पाहिलं, "महाराष्ट्र" वाचलं आणि पूर्ण तिकीट फाडलं. अख्ख्या गाडीत पैसे देणारी बाई मी एकटीच! जैनथच्या पुढे दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. कापसाच्या बैलबंड्या रस्त्याच्या मधून चालत होत्या आणि आमचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

घर सापडायला वेळ लागला नाही. "पोपटवाले सर" म्हटल्यावर पानठेल्यावरच्या माणसानं दारापर्यंत आणून सोडलं. सुजाता तिथल्या मंडल ऑफिसात, म्हणजे आपल्या तहसिलीत, कारकून आहे. त्या दिवशी तिनं माझ्यासाठी रजा काढली होती. "रोज दारात कोनी आलं की पयले बंडू जय भीम करे," ती म्हणाली. "आता चूप हाय."

बंडू अंगणातल्या कडुनिंबाखाली मोठ्या पिंजऱ्यात होता. छातीवरची पिसं त्यानं स्वतःच उपटली होती, गुलाबी कातडी उघडी पडली होती. वाटीतली ज्वारी तशीच होती.

सर दाराच्या आत, खुर्चीवर, पाठमोरे बसले होते. माझ्याशी हळू आवाजात बोलले, जणू घरात कुणी आजारी झोपलंय.

"तुम्ही त्याच्याकडे पाहत का नाही, सर?"

"पंधरा दिवस झाले, बोलनं बंद केलं त्याच्यासंग. पोराला शाळेत सोडताना मायनं वळून पाहू नये. पाह्यलं का पोरगं रडते. तसंच त्याले सवय लावून राह्यलो. तुमी न्याल तेव्हा त्रास नको."

चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलेला माणूस. त्याला जे ठाऊक होतं, तेच त्यानं प्रेमानं केलं होतं. मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि शेवटी रागच उरला.

"सर, शाळेत सोडलेल्या पोराला संध्याकाळी घरी परत आणतात," मी म्हटलं. "याला वाटतंय, तुम्ही त्याला टाकलं. असा उपाशी पक्षी मी नेला तर वाटेतच मरेल. तुम्ही बोलल्याशिवाय मी याला हात लावणार नाही."

"अन् मंग तो मले विसरन कसा?"

"विसरायचंच नाही त्यानं."

रात्री सुजातानं गरम ज्वारीची भाकरी, झुणका आणि असला ठेचा वाढला की डोळ्यांतून पाणी आलं. सर मात्र दोन घासांवर उठले.

सकाळी उठून पाहते तर अंगणात खुर्ची. सर नाकातोंडाला उपरणं गुंडाळून बसलेले, वारा त्यांच्याकडून पिंजऱ्याकडे जाईल अशा बेतानं. हातात पेपर. ते मोठ्यानं बातम्या वाचत होते, कापसाचे भाव, हवामान, सगळं. मधेच थांबून दम घेत. बंडू पाठ फिरवून बसला होता. रुसला होता, अगदी माणसासारखा. दुसऱ्या पानावर त्यानं मान वळवली. खेळाच्या पानापर्यंत तो एकेक पाऊल सरकत जाळीशी आला. सरांनी बोटात ज्वारीचा दाणा धरला. बंडूनं बोट आधी चांगलं कडकडून चावलं, मग दाणा घेतला.

"चाव बापा, चाव," सर म्हणाले. "माहीच चुकी हाय."

दहा वाजेपर्यंत त्यानं अर्धी वाटी संपवली. मग सरांनीच त्याला उचलून माझ्या पिंजऱ्यात ठेवलं. आम्ही निघताना त्यांनी तोंड फिरवलं नाही. बस वळेपर्यंत ते रस्त्यावर उभे राहिले, आणि मीही पिंजऱ्यावरचं फडकं त्या बाजूनं वर धरून ठेवलं.

परतीच्या गाडीत सगळी जत्राच. "चिलुका! चिलुका!" अशी तेलुगूत पोपटाला हाक मारत एका आजीनं पेरूची फोड पुढे केली. बंडूनं ती घेतली आणि फेकून दिली. मला हायसं वाटलं. नखरे करणारा पक्षी मरत नाही.

यवतमाळला आल्यापासून रोज संध्याकाळी सात वाजता सरांचा फोन येतो. मी तो पिंजऱ्याजवळ ठेवते, सर पेपर वाचतात. चार दिवस बंडू नुसता ऐकत होता. पाचव्या सकाळी गॅलरीतून म्हाताऱ्या माणसाचा खोकला ऐकू आला. आधी कोरडा, मग लांबलेला, शेवटी "अरे बापा". मी दचकून धावले. गॅलरीत बंडूशिवाय कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्यानं तोच खोकला फोनवर काढला. पलीकडे सर खळखळून हसले आणि त्यांचं हसणं दमानं तुटलं नाही. "अरे, माहा खोकला तिकडं घेऊन गेला का बे तू!"

बंडूसाठी घर शोधणं चालू आहे. बघायला येणाऱ्यांना पिंजरा केवढा, बाल्कनी कुठली, हे मी नंतर विचारते. आधी सांगते की रोज सात वाजता बेल्याहून फोन येईल आणि तो उचलावा लागेल. दोन कुटुंबं हे ऐकून उठून गेली. जाऊ देत. तिसरं येईल. आणि नाहीच आलं, तर सात वाजता मी घरी असते.