दारातून न निघणारं कपाट

उदगीरला मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहतो, त्या काकांच्या बैठकीत आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आहे. ते विकावं म्हणून मुलगा पुण्याहून व्यापारी पाठवतो. मुलाला दुखवायला नको, म्हणून काका प्रत्येकाला म्हणतात, "हाव, न्या की. फकस्त दारातून काढून दाखवा." व्यापारी टेप लावतो, घाम पुसतो, चहा पिऊन जातो.

मागच्या पाचरी काढल्या की कपाट चार भागांत सुटतं. दर दिवाळीला पुसताना फळ्या मीच धरतो.

परवा एका व्यापाऱ्यानं मला विचारलं, "सर, तुम्ही शिकलेले. हे सुटत असंल ना?"

काका बशीतला चहा फुंकत राहिले. तो केव्हाच निवला होता.

"न्हाई हो," मी म्हणालो.

गावाकडं आमचं छत गळतं. म्हणून माझी, आमच्या घराण्यातली पहिली डिग्री काकांनी त्याच कपाटात ठेवून घेतली आहे.